शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची नोंदवही : यशाच्या बातम्या आणि निधनवार्ता नीट कशा जमवायच्या, लिहायच्या आणि जपायच्या

माजी विद्यार्थी संघ बहुधा शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने सुरू होतो. मांडव पडतो, स्मरणिका निघते, गुरुजनांचे सत्कार होतात, आणि सगळं आवरल्यावर मागे उरतो एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. त्या ग्रुपवर वर्षभर दोन प्रकारच्या बातम्यांना मनापासून प्रतिसाद मिळतो. कुणाचं तरी काहीतरी चांगलं झालं, किंवा कुणीतरी गेलं. पहिलीखाली टाळ्या, दुसरीखाली जोडलेले हात, आणि दोन दिवसांत दोन्ही बातम्या वर सरकून दिसेनाशा होतात. पुढे शताब्दीसाठी कुणी माहिती मागितली, तर हाताशी काहीच नसतं.

हा लेख संघाचं वार्षिक अंकाचं किंवा वार्तापत्राचं काम अंगावर घेतलेल्या माणसासाठी आहे. मी हे काम बरीच वर्षं करतो आहे आणि माझं एक ठाम मत झालं आहे : यशाची वही वेगळी आणि निधनाची वेगळी ठेवू नये. वही एकच असावी. निधनवार्ता लिहिताना अडचण येते ती माहितीची, भाषेची नव्हे. माणूस गेल्यावर तो कोणत्या तुकडीत होता, खो-खोच्या संघात होता का, शाळा मध्येच का सोडली, हे घरच्यांना विचारण्याची ती वेळ नसते, आणि पुष्कळदा त्यांना ते ठाऊकही नसतं. ही माहिती त्या माणसाकडूनच, तो हयात असताना, त्याच्या एखाद्या आनंदाच्या बातमीच्या निमित्ताने घ्यायची असते.

पहिली पायरी : शाळेच्या रजिस्टरवरून यादी

सुरुवात फेसबुकवरून किंवा ओळखीपाळखीतून करू नका. तसं केलं की जे आधीच संपर्कात आहेत तेच यादीत येतात. शाळेत जनरल रजिस्टर असतं. दाखल झालेल्या प्रत्येक मुलाचं नाव त्यात असतं, आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जो रजिस्टर नंबर असतो तो यातलाच. हे कायमस्वरूपी जपायचं दप्तर आहे. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, शाळेच्या कार्यालयात बसूनच नोंदी उतरवून घ्या, रजिस्टर बाहेर नेण्याचा आग्रह धरू नका. नाव, दाखल झाल्याचं वर्ष, सोडल्याचं वर्ष, सोडताना कोणती इयत्ता, एवढेच रकाने उतरवा. जात, पालकांचा व्यवसाय वगैरे रकान्यांशी संघाला काही देणंघेणं नाही.

'सोडताना इयत्ता' हा रकाना मात्र अजिबात गाळू नका. सातवीतून नाव काढलेल्या मुली, नववीत नापास होऊन मुंबईला गिरणीत किंवा हॉटेलात कामाला गेलेली मुलं, बदलीच्या नोकरीमुळे दोनच वर्षं राहिलेली मुलं, ही सगळी माजी विद्यार्थीच आहेत. दहावी पास झालेल्यांचीच यादी केली, तर जुन्या काळातल्या निम्म्या मुली यादीतून आपोआप गळतात. एक वर्ष जरी शाळेत काढलं असेल तरी नाव यादीत, हा नियम पहिल्याच बैठकीत ठरवून टाका.

बॅचचं वर्ष लिहिताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. महाराष्ट्रात १९७५ साली जुन्या अकरावी एसएससीची शेवटची आणि नव्या दहावीची पहिली तुकडी एकाच वेळी परीक्षेला बसली. त्यामुळे '१९७५ बॅच' एवढंच लिहिलं तर एक वर्षाने पुढेमागे असलेले दोन वर्ग एकत्र होतात, आणि ते एकमेकांना वर्गमित्र मानत नाहीत. 'अकरावी १९७५' आणि 'दहावी १९७५' असं वेगळं लिहा. त्याआधीच्या सगळ्यांना 'अकरावी' आणि त्याहून जुन्या, मुंबई विद्यापीठाच्या परीक्षेला बसलेल्यांना 'मॅट्रिक' लिहा. वयाने मोठी माणसं अकरावीलाही मॅट्रिकच म्हणतात, पण वहीत परीक्षेचं जे खरं नाव होतं ते असू द्या.

दुसरी अडचण जन्मतारखेची. खेड्यातल्या जुन्या रजिस्टरांत पानंच्या पानं '१ जून' ही जन्मतारीख दिसते. मुलाला शाळेत घालताना तारीख कुणालाच ठाऊक नसायची, गुरुजी जूनची पहिली तारीख टाकून मोकळे व्हायचे. तेव्हा रजिस्टरमधली जन्मतारीख वय काढण्यासाठी शेवटचा पुरावा समजू नका. घरच्यांना विचारा.

मुलींची नावं हे सर्वांत कष्टाचं काम. रजिस्टरमध्ये माहेरचं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, काही घरांत पहिलं नावही बदलायचे. म्हणजे नावाने शोधून काही हाती लागत नाही. यावर उपाय एकच, तो म्हणजे त्याच वर्गातल्या एखाद्या बाईंना शेजारी बसवून यादी वाचायची. "ही? ही आमच्या वाड्यातली. कराडला दिली. तिच्या भावाचं किराणा दुकान आहे बाजारपेठेत," असे धागे एका दुपारी भराभर निघतात. वहीत दोन्ही नावं लिहा, पहिलं शाळेतलं आणि पुढे आताचं. अंकातही दोन्ही छापा. नाहीतर वर्गमैत्रिणींना कळतच नाही की ही बातमी आपल्याच बाकावरच्या मुलीची आहे.

दुसरी पायरी : प्रत्येक बॅचचे दोन प्रतिनिधी

एका माणसाने पन्नास वर्षांच्या विद्यार्थ्यांची खबर ठेवणं शक्य नाही. दर बॅचमागे एक पुरुष आणि एक स्त्री असे दोन प्रतिनिधी ठरवा. दोघंही पुरुष असले तर मुलींच्या बातम्या येत नाहीत, हे दर वेळी दिसतं. प्रतिनिधी हुशार किंवा मोठ्या पदावरचा असायची गरज नाही. गावात राहणारा, लग्नाकार्याला जाणारा, सगळ्यांशी बोलणं असलेला माणूस निवडा. औषधाचं दुकान, पिठाची गिरणी, पोस्ट असल्या ठिकाणी बसणारी माणसं या कामाला फार उपयोगी पडतात. प्रतिनिधीने दर तिमाहीला एकच निरोप द्यायचा : काही नवं असेल तर बातमी, नसेल तर 'काही नाही'. हा 'काही नाही' सुद्धा आग्रहाने मागा, कारण निरोप येणं बंद झालं म्हणजे प्रतिनिधी बदलायची वेळ आली.

तिसरी पायरी : यश कशाला म्हणायचं

इथे संघाचा कल उघड होतो. बहुतेक अंकांत डॉक्टर, इंजिनिअर, परदेशी स्थायिक, अधिकारी आणि नगरसेवक एवढेच दिसतात. मग इतरांना वाटतं, आपण कळवण्यासारखं काही केलेलं नाही, आणि ते कळवत नाहीत. निकष आधी ठरवून लेखी ठेवा, आणि ते रुंद ठेवा.

फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर शारदाश्रम विद्यामंदिराच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यात ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. कांबळी नाबाद ३४९, सचिन नाबाद ३२६. हे आकडे आज कुणालाही तोंडपाठ आहेत. पण त्या सामन्यात शारदाश्रमाच्या बाजूने खेळलेली बाकीची नऊ मुलंही त्याच शाळेची होती. पहिल्या दोघांची नोंद जग ठेवतं. बाकीच्या नऊ जणांची नोंद ठेवणारं शाळेच्या संघाखेरीज कुणी नसतं. संघाने कुणाकडे लक्ष द्यायचं, याचं उत्तर मला यातच दिसतं.

पंचवीस वर्षं विनाअपघात एसटी चालवणं हे यश आहे. चाळिशीत सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी पास झालेली गृहिणी ही मोठी बातमी आहे. तिने ज्या शाळेतून सातवीत नाव काढलं, त्याच शाळेच्या अंकात ती यायला हवी. अंगणवाडी सेविका, आशाताई, गावात पहिल्यांदा ठिबकवर हळद घेणारा शेतकरी, दोन मतिमंद मुलांसाठी शाळा काढणारे पालक, नाट्यस्पर्धेत पडद्यामागे तीस वर्षं प्रकाशयोजना करणारा माणूस, या सगळ्यांची जागा अंकात आहे. नोंदी छापताना पदाच्या मोठेपणाने क्रम लावू नका. बॅचच्या वर्षाने लावा, जुनी बॅच आधी. म्हणजे कुणाचा मान कुठे हा वाद उद्भवत नाही.

चौथी पायरी : पडताळणी

आलेली प्रत्येक बातमी आहे तशी छापायची नसते. कळवणारा खोटं बोलतो असं नाही, पण कौतुकाच्या भरात तपशील फुगतात. नेहमी तपासायच्या काही जागा सांगतो.

स्पर्धा परीक्षा. 'आयएएस झाला' म्हणून आलेली बातमी पुष्कळदा 'यूपीएससी उत्तीर्ण' इतकीच असते. क्रमांकानुसार आणि पसंतीनुसार पुढे महसूल, पोलीस, परराष्ट्र किंवा अन्य सेवा मिळते, आणि ती नंतर ठरते. अंतिम यादीत नाव आहे का ते आयोगाच्या संकेतस्थळावर पाहा, आणि सेवा ठरेपर्यंत 'निवड झाली' एवढंच लिहा. एमपीएससीबाबतही शिफारस आणि प्रत्यक्ष नियुक्ती यांत बरेच महिने जाऊ शकतात. 'निवड' आणि 'नियुक्ती' हे शब्द जपून वापरा.

पीएच.डी. प्रबंध सादर केला, तोंडी परीक्षा झाली आणि पदवी जाहीर झाली, हे तीन वेगळे टप्पे आहेत. विद्यापीठाची अधिसूचना निघाली की मगच नावाआधी 'डॉ.' लावा. 'मानद डॉक्टरेट' आली तर ती देणारं विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे का हे पाहा. विद्यापीठ अनुदान आयोग बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करतो, ती उघडून बघायला दोन मिनिटं लागतात.

पुरस्कार. 'राज्यस्तरीय', 'राष्ट्रीय', 'आदर्श', 'रत्न', 'भूषण' असे शब्द असलेले पुरस्कार आता गल्लोगल्ली आहेत, आणि त्यांतल्या काहींसाठी प्रवेश शुल्क किंवा 'सहयोग निधी' भरावा लागतो. कळवणाऱ्याला न दुखवता तीन प्रश्न विचारा : पुरस्कार कोण देतं, निवड कोणी केली, काही रक्कम भरावी लागली का. रक्कम भरली असेल तर पुरस्काराचं नाव बाजूला ठेवून त्या माणसाच्या प्रत्यक्ष कामाची नोंद करा. काम बहुधा खरं आणि चांगलं असतं. त्यामुळे माणसाचाही मान राहतो आणि वहीचाही.

पद्म पुरस्कार. शाळेच्या वाट्याला असा मान आला तर आनंदाने 'पद्मश्री अमुक' असं छापलं जातं. हे टाळा. पद्म पुरस्कार ही पदवी नाही, ते नावाच्या आधी किंवा नंतर जोडायचे नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली बालाजी राघवन खटल्याच्या निकालात स्पष्ट केलं आहे. 'अमुक यांना २०२४ साली पद्मश्री' असं वाक्यात लिहावं. शासकीय यादी प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वसंध्येला जाहीर होते, नावाचं लेखन तिथे पाहून मगच घ्या.

पाचवी पायरी : गौरवाची नोंद लिहिणं

साधारण साठ ते ऐंशी शब्द पुरतात. सगळ्यांना सारखीच मर्यादा ठेवा, जिल्हाधिकाऱ्यालाही आणि गवंड्यालाही. पहिल्या वाक्यात नाव, बॅच आणि घटना. मग थोडा तपशील. शेवटी शाळेशी जोडणारी एखादी खरी आठवण, त्या माणसाने स्वतः सांगितलेली.

'अथक परिश्रम, जिद्द आणि चिकाटीच्या जोरावर यशाचे शिखर गाठून शाळेच्या शिरपेचात मानाचा तुरा रोवला' हे वाक्य कुणाच्याही नावापुढे लावता येतं, म्हणून ते कुणाबद्दलच काही सांगत नाही. त्याऐवजी असा नमुना बघा. नाव, आगार आणि मार्ग तुमच्या माणसाचे घाला :

"(नाव), दहावी १९८९, 'ब' तुकडी. एसटीच्या (आगार) आगारात चालक. पंचवीस वर्षं विनाअपघात सेवेबद्दल यंदा महामंडळाने सत्कार केला. सध्या (मार्ग) या मुक्कामाच्या गाडीवर आहेत. शाळेत असताना रोज सहा किलोमीटर चालत यायचे. ओढ्याला पाणी वाढलं की पलीकडच्या मुलांना शेवटचा तास सोडून आधी घरी पाठवत, ती आठवण त्यांनी आवर्जून सांगितली. आज गाडीत शाळेची मुलं असली की घाटात आणखी सावकाश चालवतो, असं ते म्हणाले."

यात कौतुकाचं एकही विशेषण नाही, तरी माणूस दिसतो. छापण्याआधी मजकूर त्या व्यक्तीला फोनवर वाचून दाखवा किंवा पाठवा, आणि होकार घ्या. मोबाइल नंबर आणि घरचा पत्ता छापू नका. २०२३ साली आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, पण कायदा बाजूला ठेवला तरी, फसवणुकीचे फोन वाढलेल्या या दिवसांत वयस्क माणसांचे नंबर सार्वजनिक करणं शहाणपणाचं नाही.

सहावी पायरी : सत्तरीपुढच्यांशी बसून बोलणं

अंकाचं सगळ्यांत मोलाचं काम हेच, आणि नेमकं तेच मागे पडतं. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याशी वर्षातून एकदा कुणीतरी निवांत बोलावं. दहावीत शिकणारी आताची मुलं सोबत नेता आली तर फारच छान. म्हातारी माणसं समवयस्कांपेक्षा मुलांपाशी जास्त खुलतात. प्रश्न मोठमोठे नकोत. शाळेत कशाने यायचात? डब्यात काय असायचं? कोणत्या बाईंची भीती वाटायची? शाळा सोडली त्या दिवशी काय झालं? पुढे पहिला पगार किती आणि तो कुणाच्या हातात दिला? कोणतं काम केल्याचं समाधान आहे? शाळेतला कोणता मित्र किंवा मैत्रीण पुन्हा भेटावी असं वाटतं?

शेवटच्या प्रश्नावर खास लक्ष द्या. त्यातून हरवलेल्या माणसांची नावं मिळतात, आणि कधी कधी चाळीस-पन्नास वर्षांनी दोन माणसांची भेटही घडवून आणता येते. बोलणं परवानगी घेऊन फोनवर ध्वनिमुद्रित करा आणि त्याच आठवड्यात मुद्दे वहीत उतरवा. जुने वर्गाचे फोटो असतील तर तिथल्या तिथे मोबाइलवर टिपून घ्या, अल्बम घेऊन जाऊ नका. फोटोतल्या प्रत्येकाचं नाव, डावीकडून उजवीकडे, रांगेनुसार लिहून घ्या. फोटो राहतात, नावं ठाऊक असलेली माणसं राहत नाहीत.

याच भेटीत एक नाजूक गोष्टही सरळ विचारून ठेवा : काही बातमी कळवायची झाली तर घरातल्या कुणाचा नंबर घेऊ? 'आणीबाणीत कुणाला फोन करू' असं विचारलं तरी चालतं. पुढे निधनाची खात्री करायची वेळ आली की हाच नंबर उपयोगी पडतो.

सातवी पायरी : निधनवार्ता

आधी खात्री. व्हॉट्सअ‍ॅपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' आली म्हणजे बातमी खरी, असं धरू नका. रुग्णालयात असलेल्या माणसाला श्रद्धांजली वाहिली गेल्याचे प्रसंग आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत. घरच्या एका माणसाकडून किंवा बॅच प्रतिनिधीने प्रत्यक्ष जाऊन घेतलेली खात्री, याशिवाय संघाच्या नावाने काही पाठवू नये. आणि घरच्यांनी स्वतः जवळच्यांना कळवेपर्यंत थांबावं. परगावी असलेल्या मुलीला वडिलांची बातमी शाळेच्या ग्रुपवर कळता कामा नये.

माहितीसाठी फोन करायचा तो तेरावा किंवा त्या घरातले जे विधी असतील ते उरकल्यावर. पती किंवा पत्नीला थेट फोन लावण्याआधी पुतण्या, जावई, भाचा अशा थोड्या अंतरावरच्या नातेवाइकाशी बोला. बोलण्याची पद्धत साधी ठेवा : "मी शाळेच्या माजी विद्यार्थी संघातून बोलतोय. काकांची नोंद आम्हाला अंकात घ्यायची आहे. आत्ता बोलणं सोयीचं नसेल तर नंतर करतो." समोरचा माणूस बोलायला लागला तर मध्ये थांबवू नका, कागदावरचे प्रश्न बाजूला ठेवा. तुम्ही आधीच वहीत घेतलेली एखादी आठवण त्यांना सांगा. आईच्या शाळेतल्या दिवसांबद्दल मुलांना काहीच ठाऊक नसतं, आणि ते ऐकून त्यांना किती बरं वाटतं हे त्या फोनवरच कळतं.

मग लिहिणं. वयाचा घोळ सर्वांत जास्त होतो. 'वयाच्या ८७व्या वर्षी' याचा अर्थ ८६ पूर्ण, ८७वं चालू. डॉ. जयंत नारळीकर यांचा जन्म १९ जुलै १९३८ चा आणि निधन २० मे २०२५ चं. म्हणजे वय ८६, आणि '८७व्या वर्षी' हेही बरोबर. 'वय ८७' मात्र चूक. वहीत नेहमी पूर्ण वर्षं लिहा. घरचे तिथी सांगतील, तीही टिपून ठेवा, पण दिनांक विचारायला विसरू नका.

नावाआधी काय लावायचं, हेही एकदाच ठरवा. कुणाकडे 'कै.' लिहितात, ख्रिस्ती घरांत 'ख्रिस्तवासी', मुस्लिम घरांत 'मरहूम', बौद्ध घरांत 'कालकथित'. संघाच्या अंकात सगळ्यांसाठी 'दिवंगत' ठेवलं की भेद राहत नाही. कुटुंबाने आपला शब्द हवा म्हणून सांगितलं तर तो वापरावा. मागे राहिलेल्या पत्नीच्या नावाआधी वैधव्य सांगणारं काहीही लावू नका, 'श्रीमती' पुरे. मृत्यूचं कारण घरच्यांनी आपणहून छापायला सांगितलं तरच लिहावं. आत्महत्या असेल तर फक्त 'निधन', आणि ग्रुपवर कुणी चर्चा सुरू केली तर प्रतिनिधीने त्या व्यक्तीला खासगीत फोन करून थांबवावं. देहदान किंवा नेत्रदान केलं असेल आणि घरच्यांची हरकत नसेल तर ते जरूर लिहावं, वाचून आणखी कुणी पुढे येतं. उत्तरकार्याचा दिवस आणि घरचा पत्ता वार्तापत्रात नको. सगळे कार्यासाठी बाहेर असताना घर रिकामं आहे हे चोरांना कळवण्यासारखं होतं ते.

बायकांच्या निधनवार्ता नवऱ्याच्या आणि मुलांच्या हुद्द्यांनी भरून जातात. ती काय करत होती, हे आधी लिहा. असा एक नमुना :

"(नाव), शाळेतलं नाव (माहेरचं नाव), अकरावी १९५८. (दिनांक) रोजी (गाव) येथे निधन, वय ८२. त्या वर्षीच्या अकरावीत मुली तीनच होत्या, त्यांतल्या त्या एक. आठवीत घरच्यांनी नाव काढलं, तेव्हा मुख्याध्यापक दोनदा घरी आले आणि नाव पुन्हा घातलं गेलं, हे त्या नेहमी सांगत. जिल्हा परिषदेच्या शाळांत ३१ वर्षं शिकवलं. शाळेतून नाव काढलेल्या मुलींच्या घरी जायची सवय आपण त्या मुख्याध्यापकांकडून घेतली, असं त्यांनी संघाच्या मुलाखतीत सांगितलं होतं. मागे दोन मुली आणि एक मुलगा."

शेवटून दुसरं वाक्य बघा. मुलाखत आधी घेतली नसती तर ते लिहिताच आलं नसतं.

शिक्षकांइतकीच शिपाई, लिपिक आणि प्रयोगशाळा सहायकांची नोंद घ्या. घंटा देणाऱ्या मामांचं नाव पाचशे मुलांना आठवतं.

मरणोत्तर सन्मान आला तर तो जुन्या नोंदीतच जोडायचा. साताऱ्याचं सैनिक स्कूल २३ जून १९६१ ला सुरू झालेलं देशातलं पहिलं सैनिक स्कूल. तिथले माजी विद्यार्थी कर्नल संतोष महाडिक १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाड्यात दहशतवाद्यांशी लढताना हुतात्मा झाले. त्यांना मरणोत्तर शौर्यचक्र मिळालं, आणि २०१७ मध्ये त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक सैन्यात अधिकारी झाल्या. अशी नोंद निधनाच्या तारखेला संपत नाही. म्हणून वहीत प्रत्येक नावाखाली अर्धं पान कोरं ठेवा.

स्मृतीनिमित्त निधी

बॅचमधला कुणी गेला की मित्र लगेच पैसे जमवून शाळेत बक्षीस ठेवायचं ठरवतात. भावना खरी असते, व्यवस्था कच्ची असते. पहिला प्रश्न रकमेचा. एक लाखाच्या मुदत ठेवीवर साडेसहा टक्क्यांनी वर्षाला ६,५०० रुपये येतात. तेवढ्यात जे बसेल तेच ठरवा. व्याज कमी झालं तर काय, हेही ठरावात लिहा. पैसे कुणाच्या वैयक्तिक खात्यात किंवा यूपीआयवर जमवू नका. संघ नोंदणीकृत असेल तर संघाच्या, नसेल तर शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या खात्यात घ्या आणि पावती द्या. ज्याला ८०जीची करसवलत हवी आहे, त्याला सांगा की दोन हजारांवरच्या रोख देणगीला ती मिळत नाही, चेक किंवा ऑनलाइन द्यावं.

परदेशातल्या मित्रांचे पैसे घेताना पासपोर्ट विचारा. भारतीय पासपोर्ट असलेला माणूस अमेरिकेत राहत असला आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देणगी देत असला, तर ती विदेशी देणगी धरत नाहीत. पण ज्याने परदेशी नागरिकत्व घेतलं आहे, त्याच्याकडे ओसीआय कार्ड असलं तरी त्याची देणगी विदेशी योगदान कायदा २०१० खाली येते, आणि त्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेला ती घेता येत नाही. मित्राला हे सांगताना अवघड वाटतं, पण नंतर संस्थेला नोटीस येण्यापेक्षा ते बरं. अशा मित्राने पुस्तकं सुचवावीत, मुलांना ऑनलाइन शिकवावं, इतर बरंच काही करता येतं.

बक्षिसाच्या नावाबरोबर त्या माणसाची चार ओळींची माहिती दर वर्षी वितरणाच्या वेळी वाचून दाखवा. नाहीतर पाच-सात वर्षांत मुलांना ते नुसतं नाव उरतं.

वर्षाचं वेळापत्रक आणि वहीची काळजी

नोंदी जमवायला जानेवारी चांगला. स्नेहसंमेलनाला जुनी माणसं आलेली असतात, २६ जानेवारीच्या आगेमागे सन्मान जाहीर होतात. उन्हाळ्याच्या सुटीत मुंबई-पुण्याची मंडळी गावी येतात, तेव्हा मुलाखती. मजकूर दिवाळीआधी पक्का करा, अंक डिसेंबरात. पंचाहत्तरीपुढच्यांना छापील अंक पोस्टाने पाठवा, अक्षर मोठं ठेवा. ते अंक जपतात आणि नातवंडांना दाखवतात. व्हॉट्सअ‍ॅपवर निधनवार्तांसाठी फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील असा वेगळा गट करा, म्हणजे श्रद्धांजलीच्या खाली कुणाच्या वाढदिवसाचा केक येणार नाही.

वही तीन ठिकाणी ठेवा : छापील प्रत शाळेच्या कपाटात, संगणकावरची संघाच्या ईमेल खात्यात, आणि एक प्रत गावाबाहेर राहणाऱ्या पदाधिकाऱ्याकडे. ईमेलचा पासवर्ड दोघांकडे असावा. चूक छापली गेली तर पुढच्या अंकात मूळ नोंदीएवढ्याच अक्षरात दुरुस्ती द्या, आणि वहीत मूळ ओळ न खोडता बाजूला दुरुस्ती व तारीख लिहा. एखाद्या कुटुंबाने नोंद नको म्हणून सांगितलं तर कारण विचारू नका, अंकात घेऊ नका. वहीत नाव आणि बॅच मात्र राहू द्या, कारण ते शाळेच्या रजिस्टरमध्ये आधीपासून आहेच.